रोमान्स-इरॉटिका लिहून पैसे कमावणाऱ्या कुणी आहेत का नागपुरात? थोडं विचारायचं आहे

अबोली_मानेवाडा

नमस्कार. मी ३१ वर्षांची, मानेवाड्याला राहते. दिवसा एका कोचिंग क्लासचे हिशेब पाहते. दोन वर्षांपासून एका अ‍ॅपवर मालिका लिहून राहिली आहे. ठरवून लग्न झालेलं जोडपं हळूहळू एकमेकांना कसं ओळखायला लागतं, त्याची गोष्ट. ६४ भाग झाले.

मागच्या आठवड्यात एका ऑडिओ कंपनीचा मेल आला. त्यांना ४० भाग पाहिजेत आणि ते 'बोल्ड' पाहिजेत. पैसे माझ्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. करारात एक ओळ आहे, 'सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे.'

पहिला प्रसंग लिहायला बसली तर शब्दच सापडेनात. एक तर शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातले, नाही तर रस्त्यावर ऐकू येतात तसले. तीन रात्री लिहिलं आणि खोडलं. नवऱ्याला मी लिहिते एवढं माहीत आहे, काय लिहिते ते नाही. आणि पोलीस केस वगैरे होते का, याचीही भीती वाटते. हे काम रोजचं म्हणून करणाऱ्या कुणी असतील तर सांगा.

वकील_सिव्हिल_लाइन्स

कायद्यापुरतं सांगतो. अश्लीलतेचं जुनं कलम भारतीय दंड संहितेचं २९२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४. ऑनलाइन मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७ अ ही कलमं लागतात. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या लेखनाला दोन्हीकडे सूट आहे, पण ते तसं आहे हे कोर्टात दाखवावं लागतं. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली त्यांना निर्दोष ठरवलं. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की एखादा तुकडा सुटा काढून नाही, संपूर्ण कृती आजच्या समाजाच्या नजरेने पाहायची. एक गोष्ट मात्र पक्की पाळा: पात्रं सज्ञान असली पाहिजेत आणि ती सज्ञान आहेत हे मजकुरातच दिसलं पाहिजे.

कराराबद्दल. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १९ वाचा. हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलंच नसेल तर ५ वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर फक्त भारत. तुमच्या करारात 'कायमस्वरूपी' असं लिहूनच ठेवलं आहे, त्यामुळे हे संरक्षण तुम्हाला मिळणार नाही. तो शब्द काढायला लावा, वर्षं आकड्यात लिहून घ्या. टोपणनावाने लिहिलं तरी करार खऱ्या नावाने करा. टोपणनावाच्या लेखनाचा कॉपीराइट प्रकाशनापासून ६० वर्षं धरतात. त्या मुदतीत लेखक कोण हे उघड झालं तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून लिखाण तुमचंच आहे याचे पुरावे, जुने खर्डे, मेल, जपून ठेवा.

गच्चीवरची

अबोली, तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. मी ५६ वर्षांची, घर सक्करदऱ्याला. २३ वर्षं हेच लिहिते आहे, टोपणनावाने. आधी स्टेशनवरच्या स्टॉलला लटकवलेली असायची त्या मासिकांत, मग दिवाळी अंकांत, आता अ‍ॅपवर आणि किंडलवर.

कायद्याचं वकीलसाहेबांनी सांगितलं. मी शब्दांपासून सुरुवात करते, कारण तुझ्या तीन रात्री तिथेच गेल्या.

शरीराच्या काही भागांसाठी मराठीत दोनच तऱ्हेचे शब्द उरलेत, एक दवाखान्यातले आणि दुसरे शिव्यांतले. पहिले वापरले की बाई तपासायच्या टेबलावर झोपल्यासारखी वाटते, दुसरे वापरले की तिचा अपमान होतो. मी कितीतरी वर्षं या दोन्हींना टाळून फुलं, कळ्या, भुंगे लिहिले. ते आज वाचवत नाही. मग धाकट्या जावेच्या बाळंतपणात मालिशवाली मावशी यायला लागली. ती हात फिरवता फिरवता बोलायची, 'पोटऱ्या आवळून आल्या बाई, सैल सोड. मान टाक. दंड ढिला कर.' मी दाराशी गरम पाणी घेऊन उभी होते आणि मला वाटलं, अरे, हे शब्द तर माझेच आहेत. मान, पाठ, कंबर, दंड, पोटरी, तळवा, कानाची पाळी. यांना दवाखान्याचा वास नाही आणि शिवीही चिकटलेली नाही. आणि मराठीची खरी श्रीमंती क्रियापदांत आहे. बिलगणं, रेलणं, चाचपणं, शहारणं, कुरवाळणं, विसावणं. नामांपाशी अडलीस तर क्रियापदाकडे जा. हे काही मी शोधलेलं नाही. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातल्या ७०० गाथा आहेत, त्यातल्या कितीतरी बाईच्या तोंडी. आपल्याच मातीतली ही बोली आहे, ती आपण हातातून जाऊ दिली.

एक जागा उघडून दाखवते. मे महिना, रात्रीचे साडेदहा. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या आहेत. माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं, 'त्याने तिला घट्ट मिठीत घेतले आणि तिचा श्वास फुलला.' हे वाक्य कुणाच्याही गोष्टीत चालेल, म्हणून ते माझ्या गोष्टीत नको. शिवाय दिवसभर ४५ डिग्री सोसलेल्या अंगाला घट्ट मिठी नको असते, गारवा हवा असतो. मग असं झालं. तो उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतो आणि ओला तळवा तिच्या मानेवर ठेवतो.

'काऊन, झोप नाही येऊन राहिली?'

'नाही.'

'गार लागलं?'

ती जरा वेळ गप्प राहते. मग म्हणते, 'अजून.'

तो भाग मी तिथे संपवला. पण ऐक, पुढच्या भागात मी दार लावून बाहेर आले नाही. सगळं लिहिलं. इरॉटिका लिहायची म्हटल्यावर ऐन वेळी दिवा मालवणं म्हणजे वाचणाऱ्या बाईला पुन्हा एकदा सांगणं की हे बोलायचं नसतं. फक्त प्रत्येक पायरीवर तो विचारतो, ती सांगते, कधी 'नको' म्हणते आणि तो थांबतो. कंपनी 'बोल्ड' म्हणते तेव्हा तिच्या मनात बहुधा कपडे असतात. तू मनात ते 'अजून' ठेव.

वाचक काय लिहितात तेही सांगते, कारण या कामाचा तो अर्धा भाग आहे. सहा वर्षांपूर्वी एका बाईचा मेसेज आला. वय ४७, पाळी थांबून वर्ष झालेलं. 'तुमच्या नायिकेला सुख होतं, मला दुखतं. माझ्यात काही दोष आहे का?' मी दोन दिवस उत्तर देऊ शकले नाही. मग धंतोलीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नंबर लावला, पेशंटसारखी फी भरली आणि विचारलं. त्यांनी समजावलं, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून दुखतं. मेडिकलमध्ये वंगणासाठी जेल मिळतं, आणि गरज पडली तर डॉक्टर तपासून लावायचं क्रीम देतात. त्या बाईंना तसं कळवलं, तुम्हीही डॉक्टरांना दाखवा म्हटलं. पुढच्या मालिकेत माझी नायिका ४८ वर्षांची होती आणि एका अख्ख्या भागात ती नवऱ्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे जाते. तो भाग सगळ्यात जास्त वाचला गेला. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' या त्यांच्या मासिकातून वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा, १९३४ साली, बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. दीक्षाभूमीवरून जाताना मला दर वेळी हेही आठवतं.

कराराचं माझं स्वतःचं दुखणं सांगते. २०१९ मध्ये मी ५२ भाग दिले, भागाला ४०० रुपयांनी. घर गळत होतं, पावसाळा तोंडावर होता, पैसे हातात हवे होते. ते पान मी वाचलंच नाही. त्यात हीच तुझी ओळ होती. पुढे त्याच गोष्टी दुसऱ्या दोन भाषांत वाजल्या. माझं नाव नाही, रुपया नाही. त्या ५२ भागांचं मला साधं पुस्तकही काढता येत नाही. त्यातल्या नायिकेचं नाव मी अजून दुसऱ्या कुठल्या गोष्टीत वापरलेलं नाही. तू घाई करू नकोस. दुप्पट पगाराचा आकडा पाहून माणसाचा हात सहीकडे जातो.

रोजचं म्हणशील तर पहाटे साडेचार ते सात. उन्हाळ्यात त्यानंतर डोकं चालत नाही आणि कूलरच्या आवाजात मला माझं वाक्य ऐकू येत नाही. हजार-बाराशे शब्द होतात. दुपारी काल लिहिलेलं दार लावून हळू आवाजात वाचते. ऑडिओसाठी हे करच, कानाला खोटं लगेच कळतं. घरातल्या सगळ्यांच्या हातात जाणाऱ्या फोनवर लिहू नकोस, कीबोर्ड तुझे शब्द लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याला सुचवतो. दिवाळी अंकाचं जून-जुलैत लिहून मोकळी हो. पैसे सारखे येत नाहीत. माझा चांगला महिना २७,००० चा, वाईट ६,००० चा. किंडलवर भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक ९० दिवस फक्त त्यांच्याकडे ठेवावं लागतं, म्हणजे तेव्हा तोच मजकूर अ‍ॅपवर नको. नाही तर ३५ टक्के. नोकरी इतक्यात सोडू नकोस.

नवऱ्याचं. मी माझ्या नवऱ्याला चार वर्षं सांगितलं नव्हतं. मग एक दिवस वही त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवून दिली. तो रेल्वेत होता. रात्री परत आला, हात धुतले, जेवला आणि म्हणाला, 'तुझा टीसी इटारसीच्या गाडीवर आहे ना, मग रात्री दहाला घरी कसा पोचला?' बाकी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चहा करून ठेवला होता. तो चहा त्याने पुढे १५ वर्षं केला. सगळ्यांचे नवरे असे असतील असं मी म्हणणार नाही. तुझ्या घरचं तुलाच ठाऊक.

उमरेड_रोड

राग मानू नका, पण मला दोन मुली आहेत, १३ आणि १६. हे सगळं फोनवर एका बोटावर येऊन राहिलं. तुम्ही चांगल्या हेतूने लिहीत असाल, मुलींना ते कसं कळणार?

गच्चीवरची

राग कसला, दादा. माझ्या प्रत्येक मालिकेवर पहिल्याच ओळीत १८ वर्षांवरील असं लिहिलेलं असतं, पण ती ओळ कुणाला थांबवत नाही हे मलाही माहीत आहे. तुमच्या मुलींसाठी माझं लेखन नाही, त्यांनी ते आज वाचू नये. पण त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या फोनवर जे फिरतं त्यात बाई कधी 'नको' म्हणत नाही, आणि म्हटलं तरी कुणी थांबत नाही. मला जास्त भीती त्याची वाटते. घरी त्यांच्या आईने किंवा तुम्ही बोला, त्यांना आवडेल की नाही याचा विचार न करता बोला.

अबोली_मानेवाडा

ताई, तुमचं उत्तर मी क्लासमध्ये टेबलाखाली फोन धरून वाचलं आणि मग जिन्यात जाऊन पुन्हा वाचलं.

वकीलसाहेब, मेल केला. 'कायमस्वरूपी' काढा, ३ वर्षं लिहा, फक्त मराठी ऑडिओ, पुस्तकाचे हक्क माझ्याकडे. अजून उत्तर नाही आलं. नाही म्हणाले तर नाही.

नवऱ्याला अजून नाही सांगितलं. पण आज पहाटे उठली. तो प्रसंग स्वयंपाकघरातला केला, दोघं रात्री उशिरा संत्री सोलून राहिले आहेत. एक वाक्य पाहता का? 'त्याने सोललेली फोड तिच्यापुढे धरली, तिने ती हातात न घेता मान पुढे केली आणि त्याने हळुवारपणे विचारले, देऊ?'

गच्चीवरची

'हळुवारपणे' काढ. 'विचारले'चं 'विचारलं' कर, गच्चीत नाही तर स्वयंपाकघरात तरी बोलीत बोल. बाकीचं जसंच्या तसं ठेव. आणि ती काय म्हणाली ते उद्या लिही, आज नको.