कॅलिफोर्नियात येऊन साडेचार महिने: घटस्फोटाचा अर्ज आत्ता करता येईल का?

सॅनहोजेकर:
न्यू जर्सीहून साडेचार महिन्यांपूर्वी दोघंही सांता क्लारा काउंटीत आलो. नवरा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), मी एच-४ (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा). लग्न पुण्यात, वैदिक पद्धतीने. दोघांची संमती आहे. अर्ज न्यू जर्सीत करायचा की इथे? एच-४ वाल्याला रहिवासी धरतात का? निकाल भारतात चालेल का? मे महिन्यात मुलीला घेऊन पुण्याला जायचंय.

दिवाणीफौजदारी:
न्यू जर्सी विसरा. तिथे दोघांपैकी एक जण अर्जाआधी सलग १ वर्ष रहिवासी असावा लागतो, आणि तुम्ही दोघंही तिथून उठलात. कॅलिफोर्नियात दोन अटी: राज्यात ६ महिने, काउंटीत ३ महिने. एकाने पुऱ्या केल्या तरी चालतं. तुमची काउंटीची अट झालेली आहे, राज्याची राहिलीय. मधेच दोघं अलमेडा काउंटीत राहायला गेलात, तर तिथले ३ महिने नव्याने मोजावे लागतील.

एच-४ आड येत नाही. तात्पुरता व्हिसा आहे एवढ्यावरून रहिवास नाकारता येत नाही, असं इथल्या अपील न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलंय. भाडेकरार आणि लायसन्स जपून ठेवा.

कागदीघोडे:
थांबायचं नसेल तर एफएल-१०० वर, म्हणजे कोर्टाच्या अर्जाच्या फॉर्मवर, घटस्फोटाऐवजी 'लीगल सेपरेशन'वर (लग्न न मोडता कायदेशीर विभक्त होणं) खूण करा. त्याला रहिवासाची अट नाही. ६ महिने भरले की तोच अर्ज दुरुस्त करून घटस्फोटाचा करायचा; रहिवास दुरुस्त अर्जाच्या तारखेला बघतात. एच-४ घटस्फोट पक्का झाल्यावर जातो, अर्ज टाकल्यावर नाही.

कागद तुम्ही स्वतः नवऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. १८ वर्षांवरच्या तिसऱ्या माणसाने द्यायचे आणि त्याने एफएल-११५ वर, म्हणजे कागद दिल्याच्या पुराव्याच्या फॉर्मवर, सही करायची. घटस्फोटाचे कागद मिळाल्यापासून लग्न संपायला किमान ६ महिने लागतात. हे ६ महिने वेगळे आणि रहिवासाचे वेगळे. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

आणि मे महिन्याचं: समन्सच्या, म्हणजे एफएल-११० च्या मागच्या पानावर मनाईहुकूम छापलेला असतो. दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकुमाशिवाय मुलीला राज्याबाहेर नेता येत नाही. अर्ज करणाऱ्यालाही तो लागू आहे.

शनिवारपेठ:
भारताचं बघा. १९९१ च्या नरसिंह राव निकालात नवऱ्याने मिसूरीत ९० दिवसांचा रहिवास दाखवून 'विवाह मोडकळीस आला' या कारणावर घटस्फोट घेतला होता. बायकोने तिथला अधिकार मानला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मान्य केला नाही: घटस्फोटापुरता केलेला मुक्काम म्हणजे रहिवास नव्हे, आणि ते कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. मात्र समोरच्याची संमती असेल तर असा निकाल चालतो, हेही त्यातच म्हटलंय. म्हणून तुमच्या नवऱ्याने गप्प बसून एकतर्फी निकाल होऊ देऊ नये. ३० दिवसांत एफएल-१२० भरून उत्तर द्यावं आणि समझोत्यावर संमती स्पष्ट लिहावी.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली (परस्पर संमतीने घटस्फोट) पुण्यातही अर्ज करता येतो, लग्न तिथेच झालंय. पण आधी १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर थांबायचे ६ महिने २०१७ पासून कोर्ट माफ करू शकतं.

सॅनहोजेकर:
मग दीड महिना थांबून इथेच करते. मुलीला पुण्याला न्यायच्या संमतीपत्रात काय लिहायचं?

कागदीघोडे:
जाण्या-येण्याच्या तारखा, पुण्याचा पत्ता, पासपोर्ट कोणाकडे राहील. कागद नवऱ्याला सर्व्ह व्हायच्या (रीतसर मिळायच्या) आधी त्याची सही घेऊन टाका.