बेनेटला कोणती तलवार? (गेन्शिन इम्पॅक्ट गेममधलं पात्र)

प्रश्न: बेनेट लेव्हल ९०, बर्स्ट (टीमचा अटॅक वाढवणारी त्याची खास चाल) टॅलेंट लेव्हल १०. अटॅकचे आर्टिफॅक्ट (पात्राला घालायच्या वस्तू) घालूनही टीमला मिळणारा बफ, म्हणजे अटॅकची वाढ, जराही वाढत नाही. फॅव्होनियस स्वोर्ड बदलून ॲली फ्लॅश देऊ का?

उत्तर १: आर्टिफॅक्टने वाढणारच नाही. बफ फक्त बेस अटॅकवर मोजतात, म्हणजे पात्राचा १९१ अधिक शस्त्राचा. लेव्हल ९० ला फॅव्होनियसचा ४५४, ॲली फ्लॅशचा ६२०. टॅलेंट १० ला बफचा गुणांक साधारण १०१%, त्यामुळे फरक जेमतेम १६७ अटॅकचा. तलवार लेव्हल ७० वर अडकली असेल तर आधी ती वाढवा, बेस अटॅक तिथेच बुडतो.

उत्तर २: पण ॲली फ्लॅशला एनर्जी रिचार्ज (बर्स्टची एनर्जी भरण्याचा वेग) नाही, फॅव्होनियसला ६१.३% आहे. बर्स्ट ६० एनर्जीचा. तो वेळेवर आला नाही तर १६७ काय चाटायचेत? तलवार बदललीत तर सँड्स (एक आर्टिफॅक्ट) रिचार्जचे घाला.

प्रश्नकर्ता: आणि शियांगलिंग या दुसऱ्या पात्राला कोणतं शस्त्र?

उत्तर १: 'द कॅच' हा भाला. गेममधल्या इनाझुमा प्रदेशात मासे पकडून फुकट मिळतो, रिफाइनमेंटही (शस्त्राचा गुण वाढवणं) मासे देऊनच. रिफाइनमेंट ५ ला बर्स्ट डॅमेज ३२% वाढतं, लेव्हल ९० ला रिचार्ज ४५.९%. शस्त्रासाठी गाचात (नशिबाच्या सोडतीत) प्रिमोजेम, म्हणजे गेममधलं चलन, उडवू नका.