गीझरची लाइट लागते, बंदही होते, पण नळाला कोमटच पाणी. नवीन घ्यावा का?

मुलुंडची_सून
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आमच्याकडे १५ लिटरचा उभा गीझर आहे, २००० वॉटचा, बाथरूमच्या दरवाजावर लावलेला. गेल्या थंडीत एकदम मस्त चालायचा. आता मात्र काहीही करा नळाला कोमटच पाणी येतं, म्हणजे आधी कडक आणि मग गार असं नाही, पहिल्या धारेपासूनच कोमट. आणि गंमत म्हणजे नळ बारीक सोडला की अजूनच गार. लाल लाइट लागते, वीसेक मिनिटांनी आपोआप बंद होते, सगळं कसं व्यवस्थित चाललंय असं वाटतं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे गरम पाण्याशिवाय जमत नाही, त्यांच्यासाठी रोज गॅसवर पातेलं चढवतेय. (मुंबईत कसली आलीय थंडी असं म्हणणाऱ्यांनी पहाटे साडेपाचला आंघोळ करून बघावी.) मेकॅनिकने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग कॉइल बदलली, दोन्हीचे पैसे घेतले आणि आता म्हणतो टाकीच गेलीय, नवीन घ्या. खरंच घ्यावा लागेल का? गणपतीच्या आधी बाथरूमचं थोडं काम काढलं होतं, टाइल्स आणि बेसिनला नवीन मिक्सर (गरम-थंड मिसळणारा नळ), पण गीझरला कोणी हात लावलेला नाही.

बंड्या_लालबाग
ताई सरळ गॅस गीझर लावा, पाइप गॅस असेलच ना तुमच्याकडे. नळ उघडला की गरम पाणी, वाट बघायची भानगड नाही आणि लाइट बिल पण वाचतं.

गिरगाव_ते_बोरिवली
बंड्या, अरे आपल्याकडच्या बाथरूम बघितल्यास का? डक्टमध्ये उघडणारी एक टीचभर खिडकी, ती पण थंडीत बंद. गॅस गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आंघोळ करता करताच बेशुद्ध पडतो. लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, खेळत्या हवेत. वयस्कर माणसं असलेल्या घरात आतमध्ये तर अजिबात नको. आणि हा प्रश्न गीझर कुठला घ्यावा असा नाहीचे मुळात.

फेज_न्यूट्रल
ताई, थांबा, नवीन घेऊ नका एवढ्यात. टाकी गेली की ती गळते, भिंतीवर ओल येते, खालून थेंब पडतात. टाकी गेली म्हणून पाणी कोमट येतं हे मी तरी ऐकलेलं नाही.

तुम्हीच लिहिलेल्या गोष्टी बघा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीला न्यायला २००० वॉटला साधारण १८ मिनिटं लागतात, हा साधा हिशोब आहे. तुमची लाइट वीसेक मिनिटांनी जाते. म्हणजे कॉइल गरम करतेय, थर्मोस्टॅट वेळेवर तोडतोय, आत पाणी कडक झालेलं असणार. खात्री करायची तर लाइट गेल्यावर थोडा वेळ नळ सोडा आणि गीझरच्या खालून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपला बोट लावून बघा, जपून. तिथे चटका बसत असेल आणि नळाला कोमट येत असेल तर गीझर बिचारा निर्दोष आहे, पाणी वाटेत गार होतंय.

मग वाटेत काय होतं? माझा संशय त्या नवीन मिक्सरवर आहे. सिंगल लिव्हरच्या मिक्सरमध्ये गरम आणि थंड दोन्ही लाइन एकाच कार्ट्रिजमध्ये (लिव्हरखालचा, पाणी उघड-बंद करणारा आतला भाग) येतात. त्याचं रबर सील नीट बसलं नसेल किंवा कामाच्या वेळची सिमेंटची कच आत अडकली असेल तर नळ बंद असताना सुद्धा थंड लाइनचं पाणी आतल्या आत गरम लाइनमध्ये घुसतं. बाहेर एक थेंब पडत नाही, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. तुम्ही आंघोळीचा गरम नळ सोडता तेव्हा गीझरकडून येणाऱ्या पाण्याला व्हॉल्व, टाकी, पाइप एवढा प्रवास असतो, थंड पाण्याला मात्र मिक्सरमधून शॉर्टकट मिळतो. आणि धार बारीक केली की गार होतं ना, ते याच्यामुळेच, कमी धारेला गीझरच्या तोंडाचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व) नीट उघडत पण नाही मग सगळं पाणी शॉर्टकटनेच येतं.

टेस्ट फुकट आहे. आधी गीझरचं बटन बंद करा. मग गीझरला जाणाऱ्या थंड पाण्याचा कॉक पूर्ण बंद करा. आता आंघोळीचा फक्त गरम नळ उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबायला पाहिजे, कारण मागून ढकलणारं पाणीच नाही. धार चालूच राहिली तर ते पाणी गीझरमधून येत नाहीये, दुसरीकडून घुसतंय. मग बेसिनच्या खालचे अँगल कॉक बंद करून बघा, धार थांबली की चोर सापडला.

कोपरखैरणेकर
मध्येच घुसतो, माझं उलट आहे. पहिली अर्धी बादली एकदम कडक आणि मग अचानक गार. २५ लिटरचा आहे, जुना. हे पण मिक्सरच का?

फेज_न्यूट्रल
नाही हो, तुमची केस वेगळी. उभ्या गीझरमध्ये दोन्ही पाइप खालूनच जातात, पण गरम पाण्याचा पाइप आत थेट वरपर्यंत उभा असतो कारण कडक पाणी वर जमतं, आणि थंड पाणी तळाला सोडलं जातं. तो आतला उभा पाइप गंजून मधेच तुटला की तळाचं गार पाणीच बाहेर यायला लागतं. नवीन बसवलेल्या गीझरमध्ये असं झालं तर आधी बघायचं की प्लंबरने लाल निळ्याची, म्हणजे गरम थंड पाइपची, अदलाबदल तर केली नाही ना, हे होतं बरं का. तुमचा जुना आहे तर उघडून बघायला सांगा, अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजापासून वाचवणारी दांडी) पण संपला असेल. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर तळाला क्षाराचा गाळ पण निघेल, भातसा तानसाचं, म्हणजे पालिकेचं धरणाचं, पाणी त्या मानाने मऊ, त्यात एवढा थर जमत नाही.

आजी_ऑनलाइन
आमच्या गीझरच्या सेफ्टी व्हॉल्वमधून रोज टपटप पाणी पडायचं, खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली म्हणून आमच्या प्लंबरने तिथे बूच मारून दिलं. आता टपटप बंद. हे चालतं ना?

फेज_न्यूट्रल
आजी, ते बूच आजच्या आज काढायला लावा, आणि काढेपर्यंत गीझर लावू नका. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटर २५ वरून ६० ला गेलं की साधारण पाव लिटरच्या आतबाहेर वाढतं. एनआरव्हीमुळे ते मागे जाऊ शकत नाही म्हणून व्हॉल्वमधून थेंब थेंब बाहेर येतं, तापताना टपटप होणं नॉर्मल आहे. ते तोंड बंद केलं आणि उद्या थर्मोस्टॅट चिकटला तर टाकी फुटू शकते. व्हॉल्वला एक बारीक नळी लावून ती मोरीच्या जाळीपर्यंत सोडा, खालचे पण खूश. तापत नसताना सुद्धा दिवसभर टपकत असेल तर मग व्हॉल्व खराब किंवा प्रेशर जास्त, उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांना हे होतं, दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार प्रेशर वाढतं.

मुलुंडची_सून
फेज न्यूट्रल दादा, टेस्ट केली. गीझरचा कॉक बंद केला तरी गरम नळाला मस्त धार चालू!! नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणे कॉक नीट बंद झाला नसेल, पक्कड लावून परत आवळला, तरी धार तशीच. मग बेसिनखालचा गरमचा अँगल कॉक बंद केला आणि धार हळूहळू थांबली. आता तो बंद ठेवूनच आंघोळी चालल्यात, आज सासूबाईंनी चक्क थंड पाणी मिसळायला सांगितलं. बेसिनला गरम येत नाही तेवढंच, कोणाचं काही अडत नाही. कार्ट्रिज बदलायचं म्हणजे अख्खा मिक्सर काढावा लागतो का? आणि दोन पार्ट उगाच बदलले त्याचं काय, मेकॅनिकला बोलू का?

गिरगाव_ते_बोरिवली
बोला की, पण जुनी कॉइल परत मागा आधी. मल्टिमीटरवर २६ ओहमच्या आसपास दाखवली तर कॉइल चांगली होती, मग बोलायला तोंड राहील. तशी ती चालत असणारच, पाणी तापत होतं की.

फेज_न्यूट्रल
मिक्सर काढायची गरज नाही. बेसिनखालचे दोन्ही अँगल कॉक बंद करायचे, लिव्हरच्या मागे किंवा बाजूला एक छोटं टोपण असतं ते काढलं की आत अॅलन कीचा स्क्रू दिसतो, तो सैल केला की लिव्हर निघतो, मग घुमटासारखं झाकण, मग मोठी रिंग आणि खाली कार्ट्रिज. ३५ आणि ४० मिलिमीटर असे दोन साइझ जास्त चालतात पण नुसत्या साइझवर जाऊ नका, जुनं कार्ट्रिज हातात घेऊन दुकानात जा, खालची भोकं आणि बाजूचे खुंटे जुळले पाहिजेत. नवीन नळ आहे तर वॉरंटीत असेल, आधी बिल शोधा. आणि नवीन टाकायच्या आधी दोन्ही लाइनचं पाणी बादलीत थोडं सोडून द्या, नाहीतर कच परत त्यातच जाईल.

मुलुंडची_सून
बिल सापडलं! वॉरंटी आहे. मेकॅनिकला फोन केला तर म्हणतो जुनी कॉइल भंगारात गेली.