दिवाळीच्या सुट्टीत पाच जण, अकरा दिवस: बीजिंग–शिआन–शांघाय कमी खर्चात कसं बसवायचं?

पहिलीवारी (पुणे)
आम्ही दोघं, मुलगी 12 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा आणि आई 68 वर्षांची. आई शाकाहारी, अंडं चालतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जायचा विचार आहे, दहा रात्री. चीनला कोणीच गेलेलं नाही. बीजिंग, शिआन आणि शांघाय ठरलंय. हाँगकाँगही जोडावं का? विमान आणि व्हिसा सोडून किती पैसे धरावेत? रेल्वेची तिकिटं इथूनच काढता येतात का? पैसे द्यायचे कसे? तिथे म्हणे कोणी रोख घेतच नाही.

तिकीटखिडकी
हाँगकाँग आधी काढून टाका. एकतर खर्च वाढतो. दुसरं म्हणजे तिथून मुख्य भूमीवर परतणं हा चीनमध्ये नवा प्रवेश धरतात. सिंगल एंट्री व्हिसा पहिल्या प्रवेशातच संपतो, मग सीमेवर अडकायला होतं. चीनची 240 तासांची बिनव्हिसा ट्रान्झिट सवलत भारतीय पासपोर्टला लागू नाही. म्हणजे पाचही जणांचा, 5 वर्षांच्या मुलाचासुद्धा, पर्यटनाचा एल व्हिसा वेगळा काढावा लागेल. तो हातात येईपर्यंत रद्द न होणारं काहीही बुक करू नका. विमान जाताना बीजिंगला आणि परतताना शांघायहून घ्या. तेच तिकीट बीजिंग–बीजिंग थोडं स्वस्त दिसलं तरी परतीच्या रेल्वेत तो फायदा जातो आणि एक दिवसही.

महिना चांगला निवडलात. 1 ते 7 ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी आणि मे महिन्याचे पहिले पाच दिवस टाळले की अर्धी लढाई जिंकली. मात्र नोव्हेंबरात बीजिंगला सकाळी बोचरी थंडी असते. आईंना कानटोपी हवीच.

रेल्वेची तिकिटं 12306 या रेल्वेच्याच ॲपवर काढायची, इंग्रजी आवृत्ती आहे. विक्री साधारण 15 दिवस आधी उघडते. खातं मात्र त्याआधीच उघडा, कारण पासपोर्टची पडताळणी लगेच होईलच असं नाही. आता आपल्याकडची नेहमीची चूक: आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. ते गाळून नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकलं, तर तिकीट आणि पासपोर्ट जुळत नाहीत. पासपोर्टवर आहे तसंच अक्षरन् अक्षर टाका. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकाने तो वाचला नाही, तर बाजूला कर्मचारी बसलेलं फाटक असतं, तिथे जा.

भाडं वयावर ठरतं: 6 ते 14 वर्षांना अर्धं, 6 च्या आतलं मूल जागेशिवाय फुकट. पण पाच-सहा तास 5 वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसणं अवघड आहे, त्याचंही अर्धं तिकीट काढा. सेकंड क्लासमध्ये एका ओळीत पाच जागा असतात: एकीकडे ए, बी, सी आणि दुसरीकडे डी, एफ. तुम्ही नेमके पाच, एक अख्खी ओळ तुमचीच. (ई का नाही? विमानांत ती मधली जागा असते, आणि इथे ती नाही.)

स्टेशनचं नाव नीट वाचा. बेई म्हणजे उत्तर, नान दक्षिण, शी पश्चिम, दोंग पूर्व. शिआनच्या वेगवान गाड्या बहुतेक बीजिंग शी (पश्चिम) स्टेशनवरून सुटतात आणि शिआन बेईला (उत्तर) पोहोचतात. शांघायला होंगछ्याओवर उतरायचं. चुकीच्या स्टेशनवर गेलात तर मेट्रोने तासभर सहज जातो. दारातच सामान एक्स-रेमधून जातं आणि फलाटाचं फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं. मोठ्या स्टेशनवर 50 मिनिटं हाताशी ठेवा. मोठे स्प्रेचे डबे आणि चाकू-सुरी काढून घेतात.

हिशोबनीस
1 युआन 13 रुपये धरून, विमान-व्हिसा सोडून हिशोब असा.

हॉटेल: साखळी हॉटेलात मेट्रोजवळ एक खोली 250–350 युआन. पाच जणांना दोन खोल्या लागतील, 600 धरा. जेवण 350, मेट्रो-टॅक्सी 100. रोजचे 1,050, दहा दिवसांचे 10,500.

रेल्वे: बीजिंग–शिआन सेकंड क्लास साधारण 550, शिआन–शांघाय 680 धरा. तीन पूर्ण आणि दोन अर्धी म्हणजे चार भाडी: 2,200 आणि 2,720, मिळून 4,900.

प्रवेश तिकिटं साधारण 1,800. एकूण 17,200 युआन, म्हणजे सव्वादोन लाख रुपये. वर दहा टक्के अडीनडीला.

कमी करायचंच असेल तर शिआन–शांघाय रात्रीच्या साध्या स्लीपरने जा, हॉटेलची एक रात्र वाचते. हार्ड स्लीपर म्हणजे दार नसलेला सहा बर्थचा कप्पा, आपल्या थ्री टियरसारखा. सगळ्यात वरच्या बर्थवर नीट बसताही येत नाही. खालची महाग असली तरी आईंसाठी तीच घ्या.

पैशांबद्दल: रोख नाकारू नये असा तिथे नियम आहे, पण सुटे नसतात. म्हणून अलीपे किंवा वीचॅट पे. दोन्ही ॲप इथूनच बसवा, पासपोर्टने ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. रुपे आणि यूपीआय यांच्या भरवशावर जाऊ नका. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी आणि ऑनलाइन वापर सुरू केला नाही, तर पहिल्याच चहाला व्यवहार फसतो. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा ते सिम रोमिंगसह चालू हवं. एका व्यवहारात 200 युआनपर्यंत शुल्क नाही; त्याहून जास्त असेल तर 3 टक्के. हॉटेलात 420 चं जेवण झालं तर बिल तिघांच्या फोनवर वाटून द्या. तिन्ही मोठ्यांच्या फोनवर ॲप वेगवेगळं हवं, आणि प्रत्येकाकडे वेगळ्या बँकेचं कार्ड असेल तर उत्तम. शिवाय हजारभर युआन रोख.

पहिलीवारी
खूप आभार. मेट्रोत एकाच फोनच्या क्यूआरवर सगळे जातील का? आणि आईच्या जेवणाचं काय?

हिशोबनीस
नाही. एक क्यूआर, एका वेळी एकच माणूस. मुलीसाठी यंत्रातून एकेरी तिकीट काढा. बीजिंगमध्ये भाडं 3 युआनपासून सुरू होतं, आणि 1.3 मीटरपर्यंत उंचीचं मूल मोठ्या माणसासोबत फुकट जातं.

पोळीभाजी
'वो ची सू' म्हणजे मी शाकाहारी खाते. हे वाक्य चिनी अक्षरांत फोनमध्ये चित्र म्हणून ठेवा. खाली जोडा: मांस, मासे, चरबी, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर नको. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर फोडी काढून तोच रस्सा पुढे येतो, त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. मापो तोफू आणि परतलेल्या फरसबीत खिमा असतो, नावावर जाऊ नका.

बिनधास्त मागवायचं: टोमॅटो-अंडं, आंबट-तिखट बटाट्याचा कीस, 'दी सान श्यान' (वांगं, बटाटा, ढोबळी मिरची). शिआनला 'यौपो म्येन' नक्की: रुंद नूडल्सवर लाल तिखट आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात. आपली वरून दिलेली फोडणीच ती! बौद्ध शाकाहारी उपाहारगृहांत बहुधा कांदा-लसूणही नसतो.

गाडीच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, फुकट. झटपट पोहे-उपम्याची पाकिटं आणि झाकणाचा स्टीलचा डबा न्या. स्वच्छतागृहात पाण्याचा फवारा नसतो, कागदही नसेल. टिश्यू आणि छोटी बाटली पर्समध्येच ठेवा.

तिकीटखिडकी
स्थळांचं आरक्षण राहिलं. बीजिंगचा राजवाडा सोमवारी बंद असतो. तिकिटं सात दिवस आधी, तिथल्या रात्री 8 ला म्हणजे आपल्या 5:30 ला खुली होतात. गडी काय करतात, जेवून सावकाश बघू म्हणतात आणि तोवर संपतात. नोव्हेंबरात 40 युआन, 18 वर्षांखालील फुकट. पण फुकटवाल्यांचंही आरक्षण पासपोर्ट नंबरने लागतं. थ्येनआनमेन चौकाचं आरक्षण वेगळं, विनामूल्य. खरे पासपोर्ट रोज सोबत ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

चीनच्या भिंतीसाठी तिचा मुथ्यान्यू हा भाग घ्या. आईंना केबल कारने थेट 14 व्या बुरुजावर नेता येतं; घसरगुंडीच्या गाडीवर वयस्कांना घेत नाहीत. स्वस्त पर्याय बादालिंग, तिथे वेगवान गाडीही जाते, पण गर्दी फार. मुथ्यान्यूला बसने जाताना मध्येच कोणी 'इथे उतरा, पुढे टॅक्सी' म्हणाला तर बसूनच राहा.

शिआनच्या मातीच्या सैन्याला 120 युआन. तिथे जाताना 'फुकट' टूरवाले आधी नकली मूर्तींच्या कारखान्यात नेतात. शहरात मोठा हंस पॅगोडा बघा: इ.स. 652 मध्ये ह्युएन त्संगाने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी उभारलेला. पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला तोच हा. मुलीला इतिहासात तो असेलच.

रोमिंगराव
व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग किंवा प्रवासी ई-सिम घेतलं तर चालतात, कारण डेटा देशाबाहेरून फिरून येतो. नकाशासाठी आमॅप घ्या. गूगलचा नकाशा तिथे रस्त्यापासून सरकलेला दिसतो. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरांत फोनमध्ये ठेवा, टॅक्सीवाल्याला तेच दाखवायचं.

आणखी एक. शहरांमध्ये विमानाने जाणार असाल, तर 28 जून 2025 पासून देशांतर्गत उड्डाणांत चीनच्या 3सी या सुरक्षा-प्रमाणपत्राच्या खुणेशिवाय पॉवर बँक चालत नाही, सुरक्षा तपासणीतच ठेवून घेतात. भारतातल्या बऱ्याच पॉवर बँकांवर ती खूण नसते. रेल्वेत ती अडचण नाही, फक्त क्षमतेचे आकडे पुसलेले नकोत.

पहिलीवारी
हाँगकाँग रद्द. आज 12306 वर खातं उघडते, पाचही पासपोर्टांची नावं समोर ठेवून.