विंडोज १० संपलं. स्टुडिओच्या पीसीवर लिनक्स का नको?

निपाणी लेन्स: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जादा सुरक्षा अपडेट घेतले तरी घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर असेल तर विंडोज ११ रीतसर बसत नाही. चांगलं चालणारं मशीन मोडीत काढण्यापेक्षा मिंट (लिनक्सचाच एक फुकट प्रकार) टाका, रॉ ला, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ फाइलींना, डार्कटेबल, बाकीच्या एडिटिंगला गिंप ३, दोन्ही फुकट. त्यात फिल्टर लावल्यावरही बदलता येतात. फोटोशॉप-लाइटरूमचं दर महिन्याचं भाडं कशाला?

शहापूरकर: भाड्याचं सोडा, लग्नाच्या अल्बमचं बोला की. १२×३६ इंची पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३,६००×१०,८०० पिक्सेल. पूर्ण आकाराचा एक थर (लेयर) दीडशे एमबीच्या वर, वीस थरांना ३ जीबी. आठ जीबी रॅमवर कूर्मगती. ते सोसलं तरी पीएसडी (फोटोशॉप फाइल) टेम्प्लेटमधले स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे फोटो बदलता येणाऱ्या चौकटी, गिंपमध्ये साधे थर होऊन उघडतात. फोटोशॉपमध्ये चौकटीच्या थराच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक करायचं, आतला फोटो बदलून सेव्ह करायचं. मास्क, सावली, बॉर्डर जागच्या जागी. इथं प्रत्येक चौकट हातानं. ४० पानं करून बघा! वर श्री-लिपीतली (युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट) नावं. जुना फॉन्ट नसला की 'चि. सौ. कां.' च्या जागी रोमन अक्षरांचा काला.

निपाणी लेन्स: स्मार्ट ऑब्जेक्टचं मान्य. पण फॉन्टचं रडगाणं लिनक्सच्या माथी का? युनिकोडवर या, कुठल्याही मशीनवर अक्षरं तीच राहतात. आपल्याकडं पत्रिका मराठी-कन्नड दोन्हीत लागते. मुक्ता आणि नोटो सान्स कन्नड हे फॉन्ट टाकले की गिंपमध्ये जोडाक्षरं नीट बसतात. जुन्या फोटोशॉपमध्येच वर्ल्ड-रेडी लेआउट (भारतीय लिप्यांची सेटिंग) निवडलेलं नसलं तर 'ज्ञानेश्वर'मधला श्व तुटतो, 'किरण'ची वेलांटी क च्या पलीकडं जाऊन पडते.

खानापूर ४०: दोघंही लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची निवड आणि एडिट जिथं साठतात ती फाइल) विसरलात. विंडोज पुसण्याआधी सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा, म्हणजे माहिती एक्सएमपीत (फोटोसोबतची छोटी फाइल) उतरते. कलेक्शन (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची दुसरी एडिट) त्यात जात नाहीत, पिक फ्लॅगचा (निवडीची खूण) भरवसा नाही. म्हणून फ्लॅगवाले फोटो गाळून त्यांना आधी पाच तारे द्या. डार्कटेबल तारे, रंगपट्ट्या, कीवर्ड, क्रॉप उचलतं. रंग मात्र तसेच येणार नाहीत, कारण दोन्हींचं गणित वेगळं. अर्धवट ऑर्डर जुन्यावरच संपवा, पुरी झालेली १६ बिट टिफमध्ये काढून ठेवा.

आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असलं की डिस्क अर्धवट झोपेत राहते. लिनक्समध्ये फोटो दिसतात, सेव्ह होत नाहीत. मग लोक डिस्क खराब म्हणून दुकानात नेतात.

शहापूरकर: एवढा खटाटोप करण्यापेक्षा मॅक घ्या. लाइटरूम, फोटोशॉप दोन्ही आहेत, कॅटलॉगही तोच उघडतो. हरवलेला फोल्डर एकदा दाखवला की झालं.

खानापूर ४०: एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली डिस्क मॅक नुसती वाचतो, लिहीत नाही. डेटा दुसरीकडं उतरवून एक्सफॅटला (दोन्हीकडं चालणारी पद्धत) फॉरमॅट करावी लागते. म्हणजे दुसरी डिस्क आलीच. रॅमही नंतर वाढत नाही.

निपाणी लेन्स: मग निवड आणि रॉ मिंटवर, टेम्प्लेटपुरतं विंडोज १० नेट तोडून ठेवायचं.

शहापूरकर: सबस्क्रिप्शनचा फोटोशॉप वार्षिक प्लॅनवरही जास्तीत जास्त ९९ दिवस नेटशिवाय चालतो. आणि गिऱ्हाइकाचा व्हायरसवाला पेनड्राइव्ह कुठल्या मशीनला लावणार, ते सांगा.