कॅनडाचा मुक्त जॅझ: 'अनुदानावरचा गोंगाट' म्हणणाऱ्यांना

बैठकवाला: परवा इथेच कुणीतरी लिहिलं, "कॅनडाचा मुक्त जॅझ म्हणजे अनुदानावर पोसलेला गोंगाट. राग नाही, ताल नाही, सुचेल ते वाजवा." वाचून डोकं फिरलं. मुक्त जॅझ म्हणजे सूर-तालाची ठरीव चौकट सोडून उत्स्फूर्त वाजवलेला जॅझ. मॉन्ट्रियलच्या पियानोवादक पॉल ब्लेची 'ओपन, टू लव्ह' ही रेकॉर्ड ऐकलीय का? 1972, ऑस्लो, एकटा पियानो. एक स्वर लावतो आणि तो विरत जातो तसा थांबून ऐकत राहतो, पुढच्याची घाई नाही. मध्येच पियानोच्या तारा बोटांनी छेडतो. रचना बऱ्याचशा कार्ला ब्ले आणि ॲनेट पीकॉक यांच्या, म्हणजे चौकटही आहे. आणि अनुदानाचं म्हणाल तर ऑन्टारिओतल्या लंडनचा निहिलिस्ट स्पॅझम बँड बघा. 1965 पासूनचा. कुणी शिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी चित्रकार. वाद्यं घरी बनवलेली, वादन सोमवारी रात्री. पोट नोकरीवर चालायचं.

पंचम_पुणे: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. स्पॅझम बँडची 1968 ची 'नो रेकॉर्ड' लावली होती, पहिली बाजूही संपवता आली नाही. नोकरी सांभाळून केला म्हणून गोंगाटाचं संगीत होत नाही. आणि ब्ले मॉन्ट्रियलला जन्मला एवढंच. तरुणपणीच न्यूयॉर्क गाठलं, ध्वनिमुद्रण नॉर्वेत, कंपनी म्युनिकची. यात कॅनडा कुठे आला?

टोरांटोकर: या न्यायाने आमचा ट्रम्पेटवादक केनी व्हीलरही गेला, तो 1952 लाच इंग्लंडला गेला. मग भीमसेनजी कुणाचे हो? गदगकडचेच ना?

पंचम_पुणे: भीमसेनजी पुण्याचे. सवाई गंधर्व महोत्सव 1953 ला पुण्यात उभा राहिला. माझे वडील रात्र-रात्र तिथे बसायचे, पहाटे घरी येऊन आम्हाला तोडी गुणगुणून दाखवायचे. हे नातं जन्मदाखल्यावर ठरत नाही.

धारवाडची_सून: अहो, पण ज्यांच्या नावाने महोत्सव, ते सवाई गंधर्वच कुंदगोळचे! दरवेळी हेच. कुमारजी सुळेभावीचे, राहिले देवासला. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडातच राहिले, तर तुमच्या गप्पांत त्यांचं नाव शेवटी येतं. माझ्या सासऱ्यांना याचा कायम त्रास व्हायचा, आता मला होतो.

पंचम_पुणे: मन्सूरांबद्दल मी एक शब्द वावगा बोललेलो नाही. उगाच अंगावर येऊ नका.

बैठकवाला: दोघंही थांबा जरा. ब्ले सोडा, गिटारवादक रने लुसिए घ्या, क्वेबेकमध्येच राहिलेला. 'ल त्रेझोर द ला लांग', 1989. साध्या माणसांचं फ्रेंच बोलणं टेपवर घेतलं आणि त्या बोलण्याचे चढउतार गिटारवर जसेच्या तसे उतरवले. वाक्य जिथे अडखळतं तिथे गिटारही अडखळते. त्यात फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष द गॉल यांचं 1967 चं मॉन्ट्रियलचं भाषणही आहे. हे न्यूयॉर्कमध्ये झालं असतं का?

पंचम_पुणे: ऐकलं आत्ता. ठीक आहे, लुसिएला गोंगाट म्हणणार नाही, आणि तो कॅनडाचा हेही मान्य. पण बोलणं बरहुकूम लिहून काढून वाजवलंय, मग ते मुक्त कसं? तुमचाच मुद्दा पडतो.

बैठकवाला: बंदिश ठरलेली असते म्हणून ख्याल बांधील होतो का? स्पॅझम बँडसाठी भांडणार नाही, तो मलाही सलग झेपत नाही. पण ब्लेवरचा शब्द तुम्ही अजून मागे घेतलेला नाही.