मदत हवी आहे: सीताफळाच्या पानांच्या अर्काने पेशी खरंच मेल्या का? आणि घरी कसं समजावू?

नमस्कार मंडळी, मी जळगावला एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिसर्टेशनला (शेवटच्या प्रबंधाला) सीताफळाच्या पानांचा अर्क घेतलाय, पानं आमच्या यावलकडच्या बांधावरचीच, सावलीत वाळवून मेथॅनॉलमध्ये काढलेला. पेशी एमसीएफ-७, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या. अर्क २४ तास ठेवून एमटीटी (जिवंत पेशी किती ते रंगावरून बघायची चाचणी) केली तर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीला रीडिंग कंट्रोलच्या, म्हणजे अर्क न घातलेल्या पेशींच्या, निम्म्याच्या खाली आलं. सर खूश आहेत, पण मला त्या आकड्यावर विश्वासच बसत नाहीये.

एमटीटीचा पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात, ते जांभळे खडे डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचायचे, इथपर्यंत ठीक. पण सीताफळात ॲसिटोजेनिन्स नावाची रसायनं असतात आणि ती मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचा) कॉम्प्लेक्स १ हा टप्पा अडवतात, मग पेशी मेली नसेल, नुसती मंदावली असेल तरी जांभळा कमीच येणार ना? वर दुसरं उलटं, पानांतली पॉलिफेनॉल्स पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात. मागच्या आठवड्यात मी प्लेटच्या कोपऱ्यातल्या तीन वेलमध्ये (खाचांमध्ये) पेशी न टाकता फक्त मीडियम (पेशी वाढवायचं द्रव), अर्क आणि एमटीटी ठेवलं, तर तासाभरात तिथेही फिकट जांभळी झाक आली! सर म्हणाले ब्लँक म्हणून वजा कर. पण मी अर्काचं मीडियम न काढता त्यावरच एमटीटी घातलं होतं, म्हणजे पुढच्या वेळी आधी मीडियम काढून पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुऊन घेऊ का? मायक्रोस्कोपखाली बघितलं तर सगळ्यात जास्त डोसलाही काही पेशी गोल होऊन तरंगतायत, पण बऱ्याच आहेत तशाच तळाला चिकटून, हातपाय पसरलेल्या. त्या मेलेल्या दिसत नाहीत हो.

ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशीत शिरणारा निळा रंग) करून मोजू की एसआरबी ही दुसरी रंगाची चाचणी करू? एसआरबी प्रोटीन मोजतं, मायटोकॉन्ड्रियावर अवलंबून नाही, म्हणून मला तेच बरं वाटतंय. आणि निरोगी पेशींवर अजून काहीच केलेलं नाही, त्या पण तितक्याच मेल्या तर या सगळ्याला अर्थ काय. अर्कात मेथॅनॉल राहिलं असेल तर त्यानेही मरतील, तो कंट्रोलही लावायचाय.

आता घरचं, हे जास्त अवघड आहे. चोपड्याचे माझे मामा, गालाचा कॅन्सर, केमो चालू आहे. मी उत्साहात फोनवर सांगून बसले की आपल्या बांधावरच्या पानाने कॅन्सरच्या पेशी कमी झाल्या, आणि माय आता रोज म्हणते, "लॅबमा कॅन्सर मरस ना, मंग मामाले देवाले काय जास?" (मामाला द्यायला काय जातं?) मामींनी पानं वाटायलाही घेतली होती, मी रडून थांबवलं. केमो म्हणजे केमिकल आणि पान म्हणजे देवाचं, असं त्यांचं म्हणणं. सीताफळाचं बी डोळ्यात गेलं तर डोळ्याचं काय होतं हे मायलाच माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी.

मामांच्या केमोच्या कागदावर पॅक्लिटॅक्सेल हे औषध लिहिलंय. ते तर झाडाचंच आहे, अमेरिकेतल्या पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून निघालं, आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर ते काढणारे डॉ. मनसुख वाणी आपल्या नंदुरबारला १९२५ साली जन्मले. साल १९६२ मध्ये गोळा केली, रचना १९७१ मध्ये छापली, ते पेशीचे मायक्रोट्यूब्यूल (आतल्या बारीक नळ्या) घट्ट धरून ठेवतं म्हणून पेशीला विभागता येत नाही हे १९७९ मध्ये कळलं, अमेरिकेत औषध म्हणून मंजुरी १९९२ मध्ये. तीस वर्षं गेली त्या सालीचं औषध व्हायला, माझ्या अर्काला तर अजून तीस दिवसही झाले नाहीत! आणि मामांना डोस उंची-वजन बघून मिलीग्रॅममध्ये देतात, वाटीभर रसात काय किती आहे कोण सांगणार? प्लेटमधल्या पेशी अर्कात थेट बुडलेल्या असतात, पोटातून रक्तात किती पोचतं ते वेगळंच. पॅक्लिटॅक्सेल यकृतातच मोडतं, त्यात दुसरं काही घातलं तर औषध शरीरात कमी-जास्त राहू शकतं, ही मला खरी भीती आहे.

हे मी मायला दोनदा सांगितलं, पण "यकृत" म्हटलं की ती ऐकणं सोडून देते. कुणी घरात हे निभावलं असेल तर कुठल्या शब्दांत सांगितलं ते प्लीज लिहा, अहिराणीत लिहिलं तरी चालेल, उलट बरंच. मामांच्या केमोची पुढची सायकल सोमवारी आहे, त्याआधी माय-मामींशी बोलायचंय आणि डॉक्टरांनाही पानांचं सगळं सांगायचंय.

आणि धुळे-जळगावात कुणाच्या लॅबमध्ये एसआरबी असेल तर कळवा, मी पेशी टीसीए या ॲसिडने प्लेटला फिक्स (पक्क्या) करून, प्लेट वाळवून एसटीने घेऊन येते.